‘हॅमर अँड टाँग्ज’ म्हणजे काय, आणि ते मराठीत कसं आणायचं?

प्रश्न असा आहे: ‘गो हॅमर अँड टाँग्ज’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आणि उगम काय? आणि एका बातमीच्या अनुवादात ‘विरोधक हातोडा आणि चिमटा घेऊन सरकारच्या मागे लागले’ असं लिहिलं, तर ते चालेल का?

आधी थोडक्यात. नाही चालणार, आणि त्या वाक्यात सगळ्यात जास्त घात केला आहे तो ‘चिमटा’ या शब्दाने. वाक्प्रचाराचा अर्थ आहे: हातचं काही न राखता, सगळा जोर एकवटून, दणादण एखाद्यावर किंवा एखाद्या कामावर तुटून पडणं. उगम लोहाराच्या भट्टीपाशी आहे. यातला माणूस हत्यारं परजून कोणाच्या मागे धावत नाहीये. तो ऐरणीपाशी उभा आहे, डाव्या हातातल्या सांडशीत लालभडक लोखंड धरलंय आणि उजवा हात खालीवर होतोय. हे चित्र डोळ्यांसमोर नसेल तर वाक्प्रचाराचा नेमका जोर कळत नाही, म्हणून आधी तिथेच थांबू.

लोखंड घडवताना लोहाराची शर्यत उष्णतेशी असते. आजचं माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं साधं पोलाद, साधारण 1100 ते 1250 अंश सेल्सियसला, म्हणजे नारिंगी-पिवळं दिसत असताना, मेणासारखं वळतं. रंग उतरत गडद लालवर आला, म्हणजे 700-800 अंशांच्या आसपास पोचला, की ते हातोड्याला दाद देईनासं होतं. त्याच्याही खाली, 200 ते 400 अंशांच्या पट्ट्यात, पोलाद ठिसूळ होतं. तिथे जोरात मारलं तर आकार बदलण्याऐवजी चीर पडण्याची भीती. म्हणजे कामाची मुदत रंग ठरवतो. ती किती असते? बारा मिलिमीटरची चौकोनी सळई भट्टीतून बाहेर काढली की अर्ध्या-पाऊण मिनिटात ती कामातून जाते. पट्टी पातळ असेल तर त्याहून लवकर.

आणि ही उष्णता एकसारख्या वेगाने उतरत नाही. तापलेली वस्तू किरणांवाटे जी उष्णता फेकते ती निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. हिशोब केला तर 1200 अंशांवरचं लोखंड 800 अंशांवरच्या लोखंडापेक्षा सुमारे साडेतीनपट वेगाने उष्णता गमावत असतं. म्हणजे लोखंड सगळ्यात मऊ असतं तेव्हाच ते सगळ्यात भरभर निवत असतं. पहिल्या दहा सेकंदांत जे घाव पडतात त्यांची किंमत पुढच्या वीस सेकंदांतल्या घावांना येत नाही. शिवाय ऐरण स्वतः थंड लोखंडाचा भला मोठा ठोकळा. तिच्यावर सळई नुसती टेकवून ठेवली तरी खालच्या बाजूने उष्णता शोषली जाते. म्हणून जाणता लोहार दोन घावांच्या मध्ये सळई ऐरणीवरून किंचित उचलून धरतो आणि हातोडा पडायच्या क्षणी टेकवतो. विचार करायचा तो भट्टीत लोखंड तापत असताना. सळई बाहेर आली की फक्त हात चालतात.

आता सांडशीची बाजू. हातोड्याचा जोर कोणालाही दिसतो, पण हातोड्याइतकीच मेहनत दुसऱ्या हाताची असते. सांडशीचा जबडा सळईच्या जाडीला नीट बसला पाहिजे. जबडा नुसत्या टोकाला किंवा नुसत्या मुळाशी धरत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या घावाला तापलेला तुकडा निसटून उडतो, आणि तो कोणाच्या पायावर पडेल याचा नेम नसतो. मोठ्या कामात सांडशीच्या दांड्यांवर कडी सरकवून पकड बांधून टाकतात. प्रत्येक घावागणिक डावं मनगट सळई पाव वळसा फिरवतं, पुढे सरकवतं, मागे ओढतं. दोन्ही हात गुंतलेले, डोळे रंगावर, उसंत नाही. इंग्रजांनी नुसता ‘हॅमर’ न म्हणता ‘हॅमर अँड टाँग्ज’ म्हटलं त्यात हे सगळं आलं: एका हाताचा मार नव्हे, अख्खा माणूस त्या कामात उतरलेला.

छापील इंग्रजीतला याचा जुना दाखला म्हणून कोशकार 1708 सालाकडे बोट दाखवतात. लंडनमधून तेव्हा ‘ब्रिटिश अपोलो’ नावाचं नियतकालिक निघत असे, 1708 ते 1711 या काळात. वाचकांनी प्रश्न पाठवायचे आणि संपादक मंडळाने उत्तरं द्यायची, असा त्याचा बाज. त्यातल्या एका वाक्याचा भावार्थ: ‘आता मी हातोडा-सांडशी घेऊनच तुमच्याकडे येतोय.’ लक्षात घेण्यासारख्या गोष्टी दोन. एक, पहिल्याच दाखल्यात प्रयोग लाक्षणिक आहे. तिथे कोणी लोहारकाम करत नाहीये, दम देतोय. दोन, तेव्हा आधी ‘विथ’ होतं. पुढे ते गळालं आणि नुसतं ‘हॅमर अँड टाँग्ज’ क्रियाविशेषणासारखं वापरलं जाऊ लागलं.

त्या काळचं लोखंडही आजच्यासारखं नव्हतं. गावचा इंग्रज लोहार जे वापरायचा ते घडीव लोखंड. त्याच्या पोटात मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या कचऱ्याचे, बारीक धागे असतात, लाकडाला रेषा असतात तसे. ते कमी तापमानाला ठोकलं की त्या रेषांवरून उकलतं. म्हणून ते आजच्या स्टीलपेक्षाही जास्त तापवून, पिवळं-पांढरं असताना घडवावं लागे. घाई आणखी मोठी, ठिणग्या आणखी जास्त. गावोगावी भट्टी होती, घोड्याच्या नालापासून नांगराच्या फाळापर्यंत सगळं तिथेच व्हायचं, आणि तो आवाज सगळ्यांच्या कानात बसलेला होता. ‘लोखंड गरम आहे तोवर घाव घाल’ ही म्हण तर त्याहून बरीच जुनी. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर या इंग्रज कवीच्या लिखाणात ती आहे. ‘हॅमर अँड टाँग्ज’ तिच्याच घरातलं. फरक एवढाच की म्हण संधीबद्दल बोलते आणि वाक्प्रचार जोराबद्दल.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण मराठी माणसाला ती जवळची वाटेल. आपली ‘सांडशी’ आणि मोठा ‘सांडस’ हे शब्द संस्कृत ‘संदंश’वरून आले. त्यात ‘दंश्’ हा धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ, आहे; त्याचा अर्थ चावणं. दोन्हीकडून चावून धरणारी ती सांडशी. इंग्रजी ‘टाँग्ज’चं मूळ शोधत मागे गेलं की भाषाशास्त्रज्ञ आद्य इंडो-युरोपीय भाषेतल्या, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोघींच्या मूळ भाषेतल्या, ज्या धातूपाशी पोचतात त्याचाही अर्थ ‘चावणं’ असाच आहे, आणि ‘दंश्’ त्याचंच संस्कृत रूप मानतात. म्हणजे लंडनच्या लोहाराच्या हातातलं अवजार आणि आपल्या स्वयंपाकघरात गरम पातेलं उतरवायची सांडशी नावाने चुलत बहिणी आहेत. ‘हॅमर’चं नातंही बहुतेक व्युत्पत्तिकार संस्कृत ‘अश्मन्’शी, म्हणजे दगडाशी जोडतात. पहिला हातोडा दगडाचाच होता, हे त्या शब्दात राहून गेलंय.

मग मराठीकडे या. लोहाराच्या भट्टीतून आपणही भरपूर उचललं आहे. ‘घणाघाती टीका’ म्हणताना घण आठवतो का कोणाला? घण अधिक आघात, सरळ ऐरणीवरून आलेला शब्द. ‘प्रश्न ऐरणीवर आला’ तिथलाच. आणि ‘ताव’! लोखंडाला द्यायची उष्णता म्हणजे ताव. एकदा तापवून जेवढं काम होतं तो एक ताव. हाच ताव ‘तावातावाने भांडणे’त आहे, ‘तावून सुलाखून निघणे’त आहे, जेवणावर ‘ताव मारणे’तही आहे. हातोडा-सांडशीच्या जोडगोळीतली मार देणारी बाजू मराठीत ‘घणाघात’ सांभाळतो आणि निवण्याआधीची घाई ‘तावातावाने’ सांभाळतो. एकाच शब्दात दोन्ही मिळत नाहीत. अनुवादाची सगळी कसरत इथे आहे.

महाराष्ट्रात रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी, म्हणजे भटके लोहार, ज्यांनी काम करताना पाहिले आहेत त्यांना हे दोन हातांचं गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथे बहुतेकदा पुरुष सांडशी आणि लहान हातोडा घेऊन बसतो, आणि घण असतो त्याच्या बायकोच्या हातात. लहान हातोडा टक् करून जागा दाखवतो, पाठोपाठ त्याच जागी घण पडतो. टक्-धाड, टक्-धाड. कुठे मारायचं हे सांडशीवाला ठरवतो, किती जोरात ते घणवाली. लहान हातोड्याचं वजन किलो-दीड किलो, घण चार किलोपासून पुढे. वाक्प्रचारातला इंग्रज लोहार एकटा आहे, ही दोघं मिळून तेच करतात.

आता ‘चिमटा’ का नको. मराठीत चिमटा म्हटलं की ‘चिमटे काढणे’ आठवतं: हसत हसत, कोपरखळ्या मारत, रक्त न काढता बोचणं. विधानसभेत एखादा सदस्य मिस्कील भाषण करून चिमटे काढतो. ‘हॅमर अँड टाँग्ज’ याच्या बरोबर उलट आहे. तिथे मिस्कीलपणा नाही, आडवळण नाही. ‘हातोडा आणि चिमटा घेऊन’ वाचणाऱ्याला एक तर खरीखुरी अवजारं दिसतात किंवा अर्धी टीका सौम्य होती असं वाटतं. दोन्ही चूक. ‘हातोडा-सांडशी घेऊन’ केलं तरी काम भागत नाही, कारण मराठीत त्या जोडीला लाक्षणिक अर्थच नाही. वाचक म्हणेल, सांडशीने काय करणार?

इंग्रजीत हा वाक्प्रचार लिहिताना-बोलताना ज्या चुका होतात त्याही पाहून घ्या. सगळ्यात नेहमीची म्हणजे ‘हॅमर अँड टाँग’. भारतीय इंग्रजीत ती वरचेवर दिसते, आणि तिचं कारण सोपं आहे: आपल्याला सांडशी एकवचनी आहे. इंग्रजीत कात्री, चष्मा, पॅन्ट यांच्यासारखं हे अवजार दोन जुळ्या भागांचं म्हणून कायम अनेकवचनी. ‘टाँग’ एकटं येत नाही. उलट ‘हॅमर’ कायम एकच, त्याला ‘स’ लावायचा नाही. क्रमही बदलत नाही, ‘टाँग्ज अँड हॅमर’ कोणी म्हणत नाही. आपण ‘सोक्षमोक्ष’चं ‘मोक्षसोक्ष’ करत नाही, तसंच. मध्ये ‘अ’, ‘द’ काही घालायचं नाही. उच्चारात ‘टंग्ज’ होऊ देऊ नका, ती जीभ झाली. शब्दाच्या शेवटी ‘झ’कडे झुकणारा ध्वनी आहे.

शब्दयोगी अव्ययाचं नीट लक्षात ठेवा. ज्याच्यावर तुटून पडायचं त्याच्या आधी ‘अ‍ॅट’ येतं. ‘सरकारवर’ या मराठी रूपामुळे ‘ऑन’ आणि ‘विरुद्ध’मुळे ‘अगेन्स्ट’ हाताशी येतं, पण दोन्ही इथे खटकतात. आणि ‘दे वेंट अ‍ॅट इट हॅमर अँड टाँग्ज’ यातल्या ‘इट’चा अर्थ शोधत बसू नका. तो कशाकडेच बोट दाखवत नाही, नुसता जागा भरतो. पण त्याच्या असण्यानसण्याने अर्थ हलतो. ‘इट’ असलं की बहुधा दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडलेल्या असतात, किंवा कोणी एखाद्या कामाला भिडलेला असतो. ‘इट’ नसून पुढे कोणाचं नाव आलं की हल्ला एकतर्फी. ब्रिटिश बोलण्यात दोघांच्या कडाक्याच्या भांडणासाठी तो वारंवार येतो, भिंतीपलीकडून ऐकू येणारं भांडण. भारतीय वृत्तपत्रांत मात्र तो जवळजवळ राजकारणाने ताब्यात घेतलाय: विरोधक सरकारवर, पक्ष पक्षावर, नेता नेत्यावर. त्यामुळे आपल्याकडे अनेकांना हा शब्द म्हणजे ‘जोरदार टीका’ एवढाच वाटतो. तो त्याहून मोठा आहे. एखादी बाई माळा साफ करायला घेते आणि दोन तासांत संपवते, तेव्हाही ती ‘हॅमर अँड टाँग्ज’च कामाला लागलेली असते. तिथे राग नाही, वैर नाही, फक्त झपाटा आहे.

नामाच्या आधी विशेषण म्हणून वापरलं तर मध्ये जोडरेघा येतात: ‘हॅमर-अँड-टाँग्ज’ सामना. क्रियेनंतर आलं तर रेघा नाहीत.

भाषांतर करताना आधी स्वतःला विचारा, मार एका बाजूने आहे की दोन्ही, आणि तो बोलण्याचा आहे, खेळाचा आहे की कामाचा. मग शब्द आपोआप वेगळे पडतात. एकतर्फी शाब्दिक हल्ल्याला ‘घणाघात केला’, ‘तुटून पडले’, ‘हल्ला चढवला’. यातलं ‘तुटून पडणे’ मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण ते टीका, खेळ, जेवण, काम सगळीकडे चालतं आणि त्यात मूळ वाक्प्रचाराचा वेग आहे. ‘घणाघात’ राजकीय बातमीत इतका झिजलाय की त्यातला घण आता हलका लागतो. भाषण खरंच दणदणीत असेल तेव्हाच तो वापरावा. ‘धारेवर धरलं’ जवळ वाटतं, पण त्यात जाब विचारणं आहे, प्रश्नांची सरबत्ती आहे, आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. नुसत्या माऱ्याला ते बसत नाही.

दोन्हीकडून असेल तर ‘तावातावाने भांडत होते’, ‘कडाक्याचं भांडण जुंपलं’, ‘खडाजंगी उडाली’. ‘खडाजंगी’त अवसान मोठं, ती सभेला किंवा बैठकीला शोभते. नवरा-बायकोच्या भांडणाला ‘जुंपली’ पुरे. ‘हमरीतुमरी’ नको, तिच्यात भाषा खालच्या पातळीवर उतरल्याचा वास आहे आणि इंग्रजी शब्दात तो नाही. क्रिकेटमध्ये फलंदाज ‘गोलंदाजांवर तुटून पडला’. कुस्ती किंवा फुटबॉलच्या लढतीला ‘घमासान’ चालतं. ‘अटीतटीची लढत’ मात्र टाळा. तिच्यात गुण बरोबरीचे असल्याचा अर्थ येतो, आणि एकतर्फी सामनाही ‘हॅमर अँड टाँग्ज’ खेळला जाऊ शकतो. कामाबद्दल असेल तर ‘पदर खोचून’, ‘कंबर कसून’, ‘झपाटल्यासारखी’, ‘धडाका लावला’. यातल्या ‘कंबर कसून’मध्ये तयारी जास्त आणि वेग कमी आहे. काम प्रत्यक्ष चालू असेल तर ‘धडाका’ सरस.

शेजारचे वाक्प्रचार यात मिसळू देऊ नका. ‘टूथ अँड नेल’, म्हणजे दात आणि नखं, हे जोर लावून लढण्याचंच आहे, पण तिथे माणूस कोंडीत सापडलाय. हातात अवजार उरलेलं नाही, म्हणून तो दात-नखं वापरतोय. त्याला ‘जिवाच्या कराराने’, ‘प्राणपणाने’. जमीन वाचवायला कोर्टात झगडणारा शेतकरी दात-नखांनी लढतो. त्याला ‘हॅमर अँड टाँग्ज’ म्हटलं तर त्याची अगतिकता पुसली जाते. ‘अ‍ॅट फुल टिल्ट’ भाला रोखून एकमेकांवर घोडे घालणाऱ्या सरदारांच्या खेळातून आलं, त्यात फक्त वेग आहे, ‘भरधाव’. ‘नो होल्ड्स बार्ड’ कुस्तीतलं: कोणताच डाव वर्ज्य नाही. तो जोराबद्दल नाही, नियम सोडण्याबद्दल आहे. आणि ‘अंडर द हॅमर’चा लोहाराशी काहीच संबंध नाही, ती लिलाव पुकारणाऱ्याची हातोडी आहे. ‘वाडा हातोड्याखाली आला’ असा अनुवाद झाला की वाचकाला वाटतं वाडा पाडायला घेतला, खरं तर तो विकायला काढलेला असतो.

कुठे हा वाक्प्रचार मुळीच वापरू नये? जिथे हल्ला थंड डोक्याने, दबा धरून, टप्प्याटप्प्याने केलेला आहे तिथे. ऐरणीवर कोणी दबा धरत नाही. एकाच फटक्यात काम तमाम झालं तिथेही नको, कारण यात घावामागून घाव आहेत. आणि खरीखुरी माणसं मेली, जखमी झाली अशा दंगलीच्या किंवा युद्धाच्या बातमीत नको. शब्द बोलीतला आहे, त्यात थोडी धमाल आहे. प्रेतांच्या शेजारी ती असह्य वाटते. तिथे ‘तुंबळ’, ‘भीषण’ हेच शब्द असू द्यावेत.

तर विचारलेल्या वाक्याचं काय करायचं? मूळ इंग्रजीत विरोधक एका बाजूने, बोलून, दिवसभर सभागृहात सरकारवर मारा करत होते. मजकुरात लिहा: ‘विरोधक दिवसभर सरकारवर तुटून पडले.’ भाषणाचा दणका दाखवायचा असेल तर: ‘विरोधकांनी एकामागून एक मुद्दे काढत सरकारवर घणाघात केला.’ इथे ‘एकामागून एक’ काढू नका. घणाघात एकाच घावाचाही असू शकतो, ऐरणीवरची लय त्या दोन शब्दांत आहे. मथळ्यात जागा नसेल तर ‘विरोधक सरकारवर तुटून पडले’ एवढं बास आहे. आणि त्याच दिवशी सत्ताधाऱ्यांनीही तितक्याच आवाजात उत्तर दिलं असेल तर मथळा बदला: ‘सभागृहात खडाजंगी’.